गृहप्रवेशानंतरचे घर

गेल्या वर्षी वैशाखात कोयलीस जाण्याचा योग आला. बडोदे शहराच्या वायव्येस असलेले हे गाव बाहेरच्या वाचकांस तेथील तेलशुद्धीच्या कारखान्यामुळे ठाऊक असते. १९६३ साली पंडित नेहरूंनी त्याची कोनशिला बसविली. अंकलेश्वरकडचे तेल तेथे येऊ लागले आणि ज्वारी-बाजरीच्या पंचक्रोशीत धुरांडी उभी राहिली. आमचे एक दूरच्या नात्यातील मामा सत्तरच्या दशकात तेथे नोकरीस लागले. प्रथम वसाहतीतील निवासात, मग शहरातील एका सदनिकेत त्यांनी जवळजवळ अर्धे शतक काढले. आता कोयलीच्या पलीकडे, थोडी मोकळी जागा घेऊन, त्यांनी कौलारू बैठे घर बांधले. त्याच्या वास्तुशांतीचे निमंत्रण होते.

विधी यथासांग झाला. होमानंतर आग्नेय कोपऱ्यात वास्तुप्रतिमा पुरली, चुलीवरचे दूध उतू जाऊ दिले, कुलदेवतेचा नारळ देव्हाऱ्यात ठेवला. पंगती उठल्यावर मामांनी मला ओसरीवर बोलावले. गिलावा अजून ओला होता, मागील दाराला कडीकोयंडा लागायचा होता, पन्हळी बसायच्या होत्या आणि तुळशीवृंदावनाचा केवळ चौथरा झाला होता. मामा म्हणाले, "तू वकील आहेस म्हणून विचारतो. हे घर पुरे झाले असे केव्हा समजायचे? आणि मुले दोघेही परदेशी आहेत. माझ्यामागे याचे काय करायचे, तेही आजच लिहून घे."

वास्तुशांतीच्या दिवशी मृत्युपत्राची भाषा! मी तो विषय पुढे ढकलला. परंतु पहिला प्रश्न मात्र मनातून जाईना. त्याच्या उत्तरासाठी मी प्रथम कायद्याकडे वळलो आणि नंतर इतिहासाकडे. तो शोध वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

कायद्याला घर पुरे झाल्याचा दाखला ठाऊक आहे, भोगवट्याचाही दाखला ठाऊक आहे. पण मनुष्य एखाद्या ठिकाणचा केव्हा होतो, याचा विचार त्याने एका निराळ्याच प्रकरणी केला आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात अधिवासाविषयी काही कलमे आहेत. हा भाग हिंदूंच्या वारसास लागू नाही आणि त्यातील विचारही देशापुरता आहे, घरापुरता नाही. तथापि त्यामागचे तत्त्व मनन करण्याजोगे आहे. माणसाला जन्मतः एक अधिवास मिळतो आणि नवा प्राप्त होईपर्यंत तो सुटत नाही. नवा मिळण्यास नुसते राहणे पुरत नाही, स्थिर राहण्याचा संकल्पही लागतो. आणि सर्वांत मार्मिक गोष्ट ही, की सरकारी चाकरीसाठी अथवा पेशासाठी एखाद्या देशी राहिल्याने मनुष्य तेथला ठरत नाही.

हे शेवटचे वाक्य वाचताना मला बडोद्यातील मराठी समाजच डोळ्यांपुढे दिसू लागला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव गायकवाड सेनापती दाभाड्यांचे सरदार म्हणून गुजरातेत उतरले. सोनगड हे त्यांचे आरंभीचे ठाणे. १७३१ साली डभईच्या रणात त्रिंबकराव दाभाडे पडले, पुढच्याच वर्षी डाकोरास पिलाजीरावांचा घात झाला आणि १७३४ पासून बडोदे गायकवाडांकडे कायमचे राहिले. त्यांच्यामागून कारकून, शिलेदार, शास्त्री, कीर्तनकार आणि वैद्य आले. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी घरे झाली, गणपती बसू लागले, पुरणपोळीच्या शेजारी उंधियू आला. असे असूनही कित्येक कुटुंबांत पाच-पाच पिढ्या 'आमचे गाव' म्हणजे कोकणातले किंवा देशावरचेच होते. चाकरी गुजरातेत, कुलदैवत सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे! कायदेपंडितांनी लिहिले ते या लोकांनी आचरून दाखविले होते.

चाकरमान्यांची ही स्थिती, मग राजांची काय होती? खंडेराव महाराज १८५६ साली गादीवर आले. त्यांस शिकारीचा मोठा षोक. शहराच्या दक्षिणेस मकरपुरा येथे त्यांनी १८७० च्या सुमारास, रानाच्या कडेला, एक राजवाडा उभारला. आजच्या भाषेत त्यास शेतावरचे घर म्हणावे. परंतु १८७० च्या नोव्हेंबरातच महाराज निवर्तले. पुढे सयाजीराव महाराजांनी चिझम या वास्तुविशारदाकडून त्या वाड्याचा विस्तार करविला. कारंजी झाली, उद्याने झाली. तरी तेथे संसार असा रुजला नाही. आज ती वास्तू भारतीय वायुदलाच्या शिक्षणकेंद्राकडे आहे. घर बांधले गेले, वाढविले गेले, पण भोगवटा दुसऱ्याच्या वाट्यास गेला.

लक्ष्मीविलास राजवाड्याची कथा तर याहून हृदयद्रावक आहे. मालेगावाजवळच्या कवळाणे या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसला. १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी त्याचा विवाह झाला. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई. याच सुमारास नव्या राजवाड्याचे काम चालू झाले. आराखडा मेजर मँट यांचा, परंतु १८८१ साली ते वारले. काम चिझम यांच्याकडे आले आणि १८९० साली पुरे झाले. दरम्यान १८८५ साली चिमणाबाई क्षयाने कालवश झाल्या होत्या. वास्तूच्या नावात लक्ष्मी राहिली. जिचे माहेरचे नाव लक्ष्मी, तिचे पाऊल मात्र त्या उंबऱ्यावर पडले नाही. ज्याने आराखडा काढला त्यानेही पुरे झालेले काम पाहिले नाही आणि जिने तेथे नांदावयाचे तिनेही नाही. गवंड्याच्या हिशेबी घर पुरे झाले, संसाराच्या हिशेबी ते अपुरेच राहिले. सयाजीराव महाराजांचे आयुष्यही पुढे प्रकृतीच्या कारणाने बरेचसे परदेश-प्रवासात गेले, आणि १९३९ साली त्यांचे देहावसान झाले तेही मुंबईस.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या गृहस्थांकडे वळतो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावचे. जन्म १८६५. पदवी घेऊन १८८९ साली ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या चाकरीत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावेत, राजपुत्रांस शिकवावे, प्रवासात बरोबर जावे, अशी ती चाकरी होती. महाराजांच्या ज्ञानलालसेमुळेच मॅकियाव्हेली आणि सीली यांचे ग्रंथ त्यांनी मराठीत आणले आणि राजपुत्रांस शिकविण्याच्या टिपणांतूनच 'रियासती' जन्मास आल्या. १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' निघाली आणि १९०२ पासून 'मराठी रियासत'. छत्तीस वर्षे त्यांनी बडोद्याचे अन्न खाल्ले. १९२५ साली निवृत्त झाले तेव्हा वय साठ होते.

निवृत्त मनुष्यापुढे दोन मार्ग असतात. जेथे जन्मलो तेथे परतावे किंवा जेथे आयुष्य गेले तेथेच राहावे. नानासाहेबांनी तिसरा मार्ग धरला. ते गोविलास गेले नाहीत आणि बडोद्यासही राहिले नाहीत. पुणे-मुंबई लोहमार्गावर, मावळातील कामशेत या खेड्यात, इंद्रायणीच्या काठी त्यांनी आपले बिऱ्हाड थाटले. मळवली आणि कान्हे यांच्यामधले हे लहानसे स्थानक. पावसाळ्यात धो धो पाऊस, भोवती भाताची खाचरे, जवळ कार्ल्याची लेणी, समोर लोहगड-विसापूरची जोडी.

वरवर पाहता ही निवड विलक्षण वाटते. परंतु नकाशा समोर ठेवला की तिचे मर्म उमगते. कार्ल्याच्या परिसरात १७७९ च्या जानेवारीत कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपल्या लोककथांतला इष्टुर फाकडा. दोन स्थानके पुढे वडगाव आहे. त्याच महिन्यात तेथे इंग्रजांस मराठ्यांपुढे मान तुकवून तह करावा लागला. आणखी एक स्थानक ओलांडले की तळेगाव येते, ज्या दाभाड्यांच्या निशाणाखाली गायकवाड गुजरातेत गेले त्यांचेच. खुद्द गायकवाडांचे दावडी गावही पुणे जिल्ह्यातलेच. ज्या मुलखातून मराठे बडोद्यास गेले, त्याच मुलखात बडोद्याचा हा सेवक इतिहासाच्या उलट पावलांनी परत आला. कायदा जन्माने मिळालेल्या अधिवासाविषयी बोलतो. सरदेशांनी आपल्या अभ्यासाचे जन्मस्थान शोधून तेथे अधिवास केला.

परंतु हे घर सुखाच्या पायावर उभे नव्हते. त्यांचा पुत्र श्यामकांत हा रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकलेला, पुढे उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेलेला बुद्धिमान तरुण. तो ऐन तारुण्यात अंतरला. पित्याने पुढे १९३४ साली 'श्यामकांतची पत्रे' प्रसिद्ध केली. साठीच्या उंबरठ्यावर, चाकरी संपत असता, ज्याच्या हाती घर सोपवावयाचे तोच गेला. अशा मनुष्याने कोणासाठी घर मांडावे? पुष्कळांनी हाय खाऊन देवाच्या दारी दिवस मोजले असते. नानासाहेबांनी लेखणी हाती घेतली.

पुण्याचे पेशवे दप्तर म्हणजे सुमारे पस्तीस हजार रुमालांचा डोंगर. त्यातून निवडक कागद छापण्याचे काम मुंबई सरकारने त्यांच्याकडे सोपविले तेव्हा ते पासष्टीला आलेले होते. १९३० ते १९३४ या काळात त्या निवडीचे ४५ खंड निघाले. सर जदुनाथ सरकार हे त्यांचे जिवलग स्नेही. कलकत्त्याचा तो कर्मठ इतिहासकार कामशेतला येऊन राही, आणि सीतामऊचे महाराजकुमार रघुवीरसिंह यांच्यासारखे तरुण अभ्यासकही त्या खेड्याची वाट धरीत. पुण्यातील काही संशोधकांशी सरदेशांचे मतभेद तीव्र होते, दप्तराच्या कामावरून वादही झाले. पण ज्याला वादाचे उत्तर ग्रंथाने द्यावयाचे, त्याला पुण्यापासून थोडे दूर असलेले घर सोयीचेच होते. मराठ्यांच्या इतिहासाचे तीन इंग्रजी खंड १९४६ ते १९४८ या काळात निघाले तेव्हा ग्रंथकर्त्याने ऐंशी ओलांडली होती. या दोन वृद्ध मित्रांचे दुःखही समान होते. फाळणीच्या काळातील कलकत्त्याच्या दंगलीत जदुनाथांचा पुत्र मारला गेला. पुत्रशोक झालेले हे दोघे गृहस्थ तारखा आणि कागद यांविषयी पत्रे लिहीत राहिले. त्या पत्रव्यवहाराकडे मी केवळ विद्वत्ता म्हणून पाहू शकत नाही.

१९५६ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'माझी संसारयात्रा'. एका स्थिर शब्दाला एक चालता शब्द जोडला आहे. १९५७ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, कामशेत येथेच त्यांनी देह ठेवला. बडोद्याची चाकरी छत्तीस वर्षांची, कामशेतचे वास्तव्य चौतीस वर्षांचे. निवृत्तीनंतरचे म्हणून ज्या घराकडे आपण पाहतो, ते चाकरीइतकेच लांब, आणि फलाच्या दृष्टीने तिच्याहून मोठे ठरले. प्रत्यक्ष वास आणि स्थिर संकल्प, कायद्याच्या या दोन्ही कसोट्यांना ते उतरले.

आपल्या देवस्थानांच्या वाचकांस हे तत्त्व नवे नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलाच्या भीतीने आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास नेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेली. आरंभी तेथे भव्य शिखरे नव्हती, दीपमाळा नव्हत्या, तळीही नव्हती. जे होते ते नित्याची पूजा, नैवेद्य आणि सांजेची दिवाबत्ती. आजची देवळे मागाहून उभी राहिली, पिढ्यांमागून पिढ्यांनी एकेक भाग जोडला. देऊळ पुरे झाल्यावर देव नांदू लागला असे झाले नाही, देव नांदत होता म्हणून देऊळ पुरे होत गेले. आणि जुन्या स्थानाचे नावही कोणी टाकले नाही. कुलाचार सांगताना कुशस्थळी आणि केळशी आजही ओठांवर येतात.

वास्तुशांतीच्या विधीचाही आशय हाच असावा असे मला वाटते. खणताना, तोडताना भूमीस आणि जीवजंतूंस जी इजा झाली तिची क्षमा त्यात मागितली जाते. कोयलीसारख्या गावी तर या क्षमेस आणखी एक अर्थ येतो. जेथे आज वसाहती आणि कारखाने आहेत, तेथे काल कोणाची तरी शेते होती. नव्या घराच्या मालकाने हे विसरू नये. वास्तुपुरुषास कोपऱ्यात स्थान देणे म्हणजे आपण येथले पहिले नव्हे आणि शेवटचेही नव्हे, याची कबुली देणे होय.

पावसाळ्यानंतर पुन्हा बडोद्यास काम निघाले तेव्हा कोयलीस जाऊन आलो. पन्हळी बसल्या होत्या. वृंदावनात तुळस डवरली होती. मागील दाराचा कोयंडा मात्र अजून सैलच होता. ओसरीवर शेजारच्या पाटीदार कुटुंबातील दोन मुले पाटी-पुस्तके घेऊन बसली होती आणि मामा त्यांस गणित शिकवीत होते. मामी आतून म्हणाल्या, "रोज येतात ही. घर मोठे झाले म्हणून कुरकुरत होतो, आता ओसरी पुरत नाही."

मी पिशवीतून कोरे कागद काढले आणि म्हटले, "मामा, त्या दिवशीचे लिहायचे राहिले होते."

मामांनी चष्मा वर केला. "लिहू की. घाई काय आहे? आधी ह्यांची त्रैराशिके होऊ देत."

मृत्युपत्र त्या संध्याकाळी लिहिले गेलेच. कायद्याचे काम टाळून चालत नाही. मुलांची नावे त्यात यथायोग्य आली. पण शेवटच्या कलमात मामांनी स्वतःच्या शब्दांत एक इच्छा घालावयास लावली. मुलांपैकी कोणी येथे राहावयास येईल तर आनंदच आहे, न आल्यास हे घर बंद ठेवू नये, ओसरी तरी गावातल्या मुलांस मोकळी असावी. वकील या नात्याने मी सांगितले की अशी इच्छा वारसांवर बंधनकारक होईलच असे नाही. मामा म्हणाले, "बंधन नको. त्यांना कळले म्हणजे झाले."

घर पुरे केव्हा झाले, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी मग दिले नाही. त्यांनी पुन्हा विचारलेही नाही.