कॉलबॅक कुठल्या थ्रेडवर आला?

तळगडाच्या पायथ्याशी बसून मी मोबाइल गेमची दुरुस्ती करतो. नेहमीची तक्रार एकच: अँड्रॉइडवर चित्र दिसतं, आयफोनवर पडदा काळा. कारण या धंद्याच्या इतिहासात आहे.

युनिटी इंजिन २००५ साली मॅकवर आलं, २००८ मध्ये आयफोनवर. जुन्या प्लगइनमध्ये ‘युनिटीरेंडरइव्हेंट’ या ठरलेल्या नावाचं फंक्शन लिहायचं. इंजिन ते नावावरून हुडकी. २०१५ च्या पाचव्या पिढीत फंक्शनचा, म्हणजेच कॉलबॅकचा, पत्ताच इंजिनाच्या हाती द्यायची रीत आली. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते: कोण कुणाला बोलावतंय हे कोडमध्येच दिसू लागलं.

आयफोनवर मात्र प्लगइन अ‍ॅपमध्येच जोडलेलं असतं, म्हणून प्लगइन सुरू करणारं ‘युनिटीप्लगइनलोड’ हे फंक्शन आपोआप चालत नाही; अ‍ॅप सुरू होताना त्याची नोंदणी आपणच करायची. नवी मुलं नेमकी इथेच अडतात.

अँड्रॉइडचा घोळ वेगळा. ओपनजीएलची आज्ञा रेंडर थ्रेडऐवजी दुसऱ्याच थ्रेडवरून गेली, तर शेडर मागितल्यावर शून्य हाती येतं आणि लॉगमध्ये ‘चालू कॉन्टेक्स्ट नाही’ अशी ओळ उमटते. म्हणून कॉलबॅकची पहिलीच ओळ मी थ्रेडचा क्रमांक छापण्याची लिहितो. शेडर मागाहून तपासतो.