बंबवाल्यांच्या मागोमाग

आज तुमचं वय वीस, गाव अकोले तालुक्यातलं आणि साल १९४४. अंगात बंडी, खाली धोतर, डोक्याला मुंडासं. मोबाइल चाचपू नका, खिसाच नाही. भाताची खाचरं पावसापर्यंत मोकळी, म्हणून राजूरहून बारीच्या वाटेने घोटी गाठलीत, उभ्याने रेल्वेचा प्रवास केलात आणि गाववाल्या मुकादमाच्या ओळखीने मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत हमालीला लागलात.

१४ एप्रिलचा शुक्रवार. एक नंबरच्या धक्क्याला ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज लागलंय. पत्रा असा तापलाय की अनवाणी पाय ठरत नाही. कराचीत भरलेल्या कापसाचा भुसका नाकात जातोय आणि मासळीच्या खताचा वास घशात बसलाय. क्रेनचा खडखडाट, साखळ्यांचा आवाज, त्यावर मुकादमाच्या शिव्या. जहाजाच्या पोटात खाली कापसाच्या गासड्या आणि त्यांच्याच वर लाकडी पेट्या रचल्यात. त्यांत काय आहे हे तुम्हाला कोण सांगणार? सगळा मिळून सुमारे १,४०० टन दारूगोळा आहे. धोक्याचा तांबडा बावटाही जहाजावर चढवलेला नाही.

जेवणाची सुट्टी झाली. सावली धरून बसा, फडकं सोडा. गावाकडच्या पिठाची नागलीची भाकरी, लसणाची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा. पाणी पिऊन घ्या. मग सवड मिळणार नाही.

कामावर परतता न परतता तोच आरडाओरडा होतो: ‘धूर! वर या!’ शिडीवर एकाचा पाय दुसऱ्याच्या खांद्यावर. तुम्ही खोकत, डोळे चोळत धक्क्यावर उतरता. तेवढ्यात घंटा घणाणत बंब येतात.

आता या बंबवाल्यांकडे जरा नीट पाहा. आग नेमकी कुठे आहे ते धुरात दिसत नाही, म्हणून अंदाजाने पाणी मारतायत. टनावारी पाणी आत गेलंय आणि तेच आता तापून वाफाळतंय. जहाजाच्या बाजूचा रंग एका जागी फुगतो, फोड येतात, ओघळतात. आग त्या पत्र्याच्या मागे आहे, हे आता तुम्हालाही कळतं. मुकादम तुमची मानगूट धरून ढकलतो, ‘नीघ इथून!’ तुम्ही मशीद बंदरच्या दिशेने सुटता. जहाज सोडायचा हुकूम होतो, तरी बंबवाले धक्क्यावरून पाणी मारतच राहतात.

चार वाजून सहा मिनिटं. आधी पायाखालची जमीन हलते, मग आवाज येतो आणि मग काहीच ऐकू येत नाही. तोंडात माती. काचांचा चुरा अंगावर पडतोय. लोक आभाळाकडे बोटं दाखवतायत. सगळ्यांना वाटतंय, जपानची बॉम्बफेकी विमानं आली. तुम्हीही वर बघता. एकही विमान नाही. पेटलेल्या कापसाचे गोळे मात्र पडतायत, रस्त्यावर, कौलांवर, गोदामांवर. जहाजात सोन्याच्या १२४ विटाही होत्या. त्यातली एक थेट गिरगावात एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली. शेजारचं ‘जलपद्म’ हे चार हजार टनी जहाज उचलून धक्क्यावर फेकलं गेलं. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला, तो पहिल्याहून मोठा.

पळा, भायखळ्याकडे पळा. पुढे काय झालं ते पळता पळता ऐका: आग विझवायला गेलेल्यांपैकी ६६ जवान परतले नाहीत. त्यांचं स्मारक भायखळ्याला, मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो याच दुपारमुळे. त्या दिवशी तुम्हाला पळायला सांगणारा मुकादम होता. बंबवाल्यांचं कामच आगीपाशी उभं राहण्याचं, आणि आत काय भरलंय हे वेळेवर सांगणं ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं नाही.

चला, आपल्या काळात परत या. यंदा १४ एप्रिलच्या आठवड्यात तुमच्या सोसायटीत किंवा कचेरीत आगीच्या कवायतीची घंटा वाजली, तर ‘काय कटकट आहे’ म्हणून बसून राहू नका. उठा, लिफ्ट सोडा आणि जिन्याने खाली या.