सुटा स्वर आणि बांधलेली रचना

मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आयुष्याचा मोठा काळ बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने काढला. त्यांच्या अनेक रामायणांपैकी 'निरोष्ठरामायण' बहुधा वर्गात एक गंमत म्हणून सांगितले जाते. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे त्यात वर्ज्य आहेत. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्याचे 'राम' हे नावही कवीला घेता येत नाही. साधने कमी केली की रचना कोणते वळण घेते, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. मोरोपंतांनी बंधन स्वतःहून घातले. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही संगीतकारांवर ते यंत्राने घातले. हातात मावणाऱ्या व्हिडिओ गेमच्या संगीताचा इतिहास आम्हाला म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाशी बोलणारा वाटतो.

१९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'गेम बॉय' बाजारात आला. त्याला एका वेळी चारच आवाज काढता येत: दोन ठरावीक आकाराच्या लहरींचे, एक खरखरीचा आणि एक असा, की ज्याच्या लहरीचा आकार संगीतकाराने स्वतः ठरवायचा. हा आकार बत्तीस बिंदूंत मांडायचा आणि प्रत्येक बिंदूला सोळांपैकी एक उंची द्यायची. सारा ऐवज सोळा बाइटांचा. एवढ्यावर 'टेट्रिस'मधली ती प्रसिद्ध चाल वाजली. ती 'कोरोबेइनिकी' या रशियन लोकगीताची. आणि त्या गीताचे शब्द निकोलाय नेक्रासोव्हच्या १८६१ सालच्या दीर्घकाव्यातून आलेले. फेरीवाल्यांवरची कविता लोकांच्या गळ्यात गेली, तिथून मुलांच्या तळहातावर आली, आणि वाटेत शब्द गळून केवळ चाल उरली.

२००१ साली 'गेम बॉय ॲडव्हान्स' आला आणि जुन्या चार आवाजांच्या जोडीला ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय झाली. आता कर्णा, बासरी, तंतुवाद्य यांचे खरे स्वर नमुने म्हणून कार्ट्रिजमध्ये साठवता येऊ लागले. परंतु जागा तुटपुंजी होती. ध्वनीच्या प्रत्येक क्षणाला २५६ पायऱ्यांपैकी एक मिळे, आणि अनेक खेळांत सेकंदाला सुमारे तेरा हजार मोजमापांवर भागवावे लागे. सीडीवर ती ४४,१०० असतात. म्हणून स्वराचा आरंभ तेवढा मुद्रित करून पुढचा एक लहानसा तुकडा पुन्हापुन्हा फिरवीत ठेवायचा, आणि एकाच नमुन्याचा वेग कमीजास्त करून सारे सप्तक भागवायचे, ही युक्ती रूढ होती. त्या संगीताला जो किंचित धुरकट, खरबरीत पोत आहे तो या काटकसरीतून आलेला आहे.

हे नमुने बाहेर काढण्याचा उद्योग हौशी अभ्यासकांनी सुरू केला. यंत्रातून ऐकू येणारे संगीत मुद्रित करणे ही एक गोष्ट. ते कीर्तन ऐकून टिपून घेण्यासारखे आहे. कार्ट्रिजमधील माहिती थेट वाचणे ही दुसरी. ती पोथी उघडण्यासारखी आहे. तिथे तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या आढळतात: कोणता स्वर कधी वाजवायचा याची आज्ञावली, कोणत्या क्रमांकाला कोणते वाद्य याची सारणी, आणि खुद्द ध्वनींचे तुकडे. निन्टेन्डोनेच विकासकांना दिलेली संगीत वाजवण्याची प्रणाली पुष्कळ खेळांत वापरलेली असल्याने एका खेळाची रीत उमगली की इतरांची कवाडे उघडत. २००४ च्या 'निन्टेन्डो डीएस'मध्ये तर हे तिन्ही भाग एका संचिकेत नीट लावलेले असत, आणि कधीकधी निर्मात्यांनी दिलेली नावेही तशीच राहून गेलेली सापडत.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. १९३३ ते १९६६ या काळात ती छापून पूर्ण झाली. पाठ कुठून कुठे गेला, कोणत्या प्रतीत काय गळले, हाच तिथला शोध होता. नमुने काढणाऱ्यांचा शोधही तसाच पुढे गेला. 'पोकेमॉन रुबी' आणि 'सफायर' (२००२) यांतील गाजलेले कर्ण्याचे स्वर रोलँड कंपनीच्या 'साउंड कॅनव्हास' या ध्वनिपेटीतील असल्याचे कानांनी ताडून ओळखले गेले. म्हणजे कार्ट्रिजमधला स्वर हीसुद्धा प्रतीची प्रत होती.

मूळ प्रत मात्र हाती लागत नाही. कधीतरी एका वादकाने श्वास भरून तो कर्णा फुंकला असणार. त्याचे नाव ऐकणाऱ्यापर्यंत पोचलेले नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने तबकड्यांसाठी गायले तेव्हा गाण्याच्या शेवटी तिने स्वतःचे नाव उच्चारले, आणि ते आजही ऐकू येते. अर्ध्या सेकंदाच्या नमुन्यात नाव उच्चारायला जागा नसते.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. आपल्याकडच्या वाद्यवृंदांत ऑक्टोपॅडवर ढोलकी आणि हलगी वाजते, तेव्हा तो ठोका कोणत्या हाताचा हे श्रोत्याला क्वचितच कळते. पिढ्यान्पिढ्या ज्या समाजांनी हलगी सांभाळली, त्यांचा आवाज बटणावर येतो आणि माणूस बाजूला राहतो. शिवाय सुटा ठोका दर वेळी तंतोतंत सारखा वाजतो. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते तेव्हा पखवाजावरचा एक 'धा' दुसऱ्या 'धा'सारखा कधीच नसतो. पाऊल, ऊन आणि अभंगातली जागा त्यात मिसळलेली असते.

बारामती एमआयडीसीत तीनचाकी गाड्या बनतात. सुटे भाग म्हणजे गाडी नव्हे, हे तिथल्या कामगाराला सांगावे लागत नाही. कार्ट्रिजमधून काढलेला कर्णा नव्या गाण्यात बसवता येतो, पण ज्या टंचाईने त्याला रूप दिले ती त्याच्यासोबत येत नाही. निरोष्ठरामायणातले शब्द वेचून त्यांचा कोश केला, तर त्यात 'राम' नसल्याचे दिसेल. त्या नसण्याचा अर्थ मात्र काव्यातच कळेल.

तरीही हे काम आम्हाला मोलाचे वाटते, कारण कार्ट्रिजा झिजतात आणि यंत्रे बंद पडतात. अपेक्षा एवढीच, की नमुना काढणाऱ्याने संपादकाची शिस्त पाळावी: तो कोणत्या खेळातून, त्याआधी कोणत्या पेटीतून आला आणि त्यावर हक्क कोणाचा, हे लिहून ठेवावे. वादकाचे नाव कळत नसेल, तर ती जागा कोरी सोडावी. कोणीतरी तिथे होते एवढे तरी त्यातून कळेल.