काळीचे लॅटिन नाव

सोनपेठच्या शिवारातील जमिनीस शेतकरी पिढ्यानपिढ्या नुसते ‘काळी’ म्हणत आले. आणि काळी म्हणजे कसण्याची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची, हा भेद मराठी मुलखात गावगाड्याच्या कारभारात इतका रुजला, की पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनी हक्कांची भाषाही त्यावरच उभी राहिली. हा भेद केवळ वर्णाचा मानणे मात्र अन्यायाचे होईल. काळी वैशाखात हात-हात खोल भेगाळते, मृगाच्या सरींनी फुगून त्या भेगा मिटविते, आणि वापसा येईपर्यंत औतास शिवू देत नाही. अशा चळत्या मातीवर भिंत धड राहत नाही, छतावर घातली तर तीही भेगाळते, म्हणूनच मराठवाड्यातील माळवदांवर थर चढतो तो पांढरीचा.

या मातीस शास्त्रात ‘व्हर्टिसोल’ ही संज्ञा मिळाली ती १९६० साली, अमेरिकेत गाय स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या मृदावर्गीकरणाच्या सातव्या मसुद्यात. तेलुगूतून आलेल्या ‘रेगूर’सारखी देशोदेशीची लोकनामे बाजूस सारून, उच्चारताच मातीचा गुण कळेल अशी नावे त्यांना हवी होती, त्यासाठी इलिनॉय विद्यापीठातील ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक जॉन हेलर यांचे साहाय्य घेण्यात आले. लॅटिन ‘व्हर्तेरे’ म्हणजे उलथणे व ‘सोलुम’ म्हणजे भूमी. वरची माती भेगांतून खाली पडते, पावसाने खालचा थर फुगून वर रेटला जातो, आणि कालांतराने जमीन स्वतःच स्वतःला उलथते, ही कल्पना त्या नावात साठविलेली आहे. मराठवाड्यातील खोल काळीचा बराच भाग ज्या ‘हॅप्लस्टर्ट’ गटात मोडतो, त्यात तर साधा या अर्थाचा ग्रीक ‘हाप्लूस’, करपलेला या अर्थाचा लॅटिन ‘उस्तुस’ आणि व्हर्टिसोलचे शेपूट अशी तीन पदे सांधलेली आहेत. आपल्या जिराईत रानाचे याहून नेटके वर्णन परक्या भाषेत मला आढळले नाही.

पुढील संशोधनाने मात्र उलथापालथीच्या या कल्पनेस मुरड घातली. किरणोत्सारी कार्बनाने मोजलेले मातीचे वय खोलीबरोबर वाढत जाते. सर्व थर खरोखर ढवळले जात असते तर तसे दिसते ना. फुगण्याच्या दाबाने मातीची ढेकळे एकमेकांवर घासून खाली तिरपे, तकतकीत पृष्ठभाग तयार होतात, ही खरी हालचाल. नाव तेच राहिले. व्याख्येत खोल भेगा, हे घासलेले पृष्ठभाग आणि किमान तीस टक्के चिकणकण, एवढ्याच मुख्य अटी आहेत.