पद्मिनीचा जीर्णोद्धार : जुनी गाडी रोज चालवायची म्हणजे नेमके काय?

१/
२९ ऑक्टोबर २००३. मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात एक प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंदवली गेली. तिच्यानंतर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी झाली नाही. मुंबईत टॅक्सीचे वय वीस वर्षांपर्यंतच ग्राह्य धरले जाते. त्या हिशेबाने २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस ती गाडी आणि तिच्याबरोबर सारा वंशच रस्त्यावरून उतरला. जेमतेम दीड महिन्यापूर्वी, १५ सप्टेंबरला, बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर थांबली होती. निदान एक पद्मिनी तरी संग्रहालयात ठेवावी, अशी मागणी टॅक्सी संघटनेने केली.

२/
संग्रहालयाची मागणी समजण्यासारखी आहे. पण पद्मिनीचा इतिहास संग्रहालयाचा नाही, तो गॅरेजचा आहे. ही गाडी जवळपास अर्धशतक टिकली, कारण तिला कोणी ‘मूळ स्वरूपात’ राहू दिले नाही. आजचा कायदा मात्र जुन्या गाडीकडून नेमके तेच मागतो. आजचा थ्रेड या विसंगतीविषयी.

३/
युरोप-अमेरिकेत जुन्या गाडीचे पुनरुज्जीवन म्हटले की डोळ्यांसमोर येते ती दोन दारांची, उतरत्या छपराची स्पोर्ट्स कूपे : बाहेरून १९६७ची, आतून आजची. आपल्याकडे ही जात जवळजवळ नव्हतीच. फियाटने इटलीत १९६६ साली ‘१२४’ ही साधी कुटुंबाची गाडी काढली आणि वर्षभरात तिच्यावरून १२४ स्पोर्ट कूपे घडवली. भारतात त्या घराण्यातली फक्त चार दारांची बहीण आली, तीही जवळपास वीस वर्षांनी. पुढे गोव्यात सॅन मोटर्सने रेनॉचे छोटे इंजिन बसवून ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी गाडी काढली, पण ती हौशी मंडळींच्या आठवणीपुरतीच उरली. त्यामुळे इथल्या पुनरुज्जीवनाचा खरा इतिहास शोधायचा तर चार दारांच्या फियाटकडेच जावे लागते.

४/
सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायसलर समूहाच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. मग फियाटशी करार झाला. १९५३च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले की परदेशातून सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना येथे थारा नाही. गाडी टप्प्याटप्प्याने इथेच घडली पाहिजे. १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, आणि तिच्यासोबत फियाट ११००.

५/
या धोरणाचा एक परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे : निवड नाही, प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची. दुसऱ्या परिणामाची चर्चा कमी होते. गाडीचा प्रत्येक भाग देशात बनवण्याच्या अटीमुळे तो भाग बनवणारे, घासणारे, भरणारे, पुन्हा चालू करणारे हातही देशात तयार झाले. नवी गाडी मिळत नसल्याने जुनीच पुन्हा उभी करणे हा छंद नव्हता, निकड होती. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची गॅरेजे आणि चोरबाजारातली सुट्या भागांची दुकाने या निकडीवरच वाढली.

६/
गाडीचा सांगाडाही पाहू. १९५३च्या फियाट ११००-१०३ मध्ये खाली वेगळी चौकट नाही. शरीराचा पत्रा हाच गाडीचा कणा. गाडी त्यामुळे हलकी झाली, पण मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत हाच तिचा शाप ठरला. दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा गंजला की फक्त रूप बिघडत नाही, गाडीचा ताठपणाच जातो. म्हणून फियाटच्या जीर्णोद्धाराची सुरुवात इंजिनापासून करणारा मनुष्य नवखा समजावा. जाणता मिस्त्री आधी गालिचा उचलतो आणि स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा टोचून पाहतो. सडका पत्रा कापून नवा जोडायचा, की वर लांबी थापून रंग मारायचा, हा निर्णय गाडीचे पुढचे वीस वर्षांचे आयुष्य ठरवतो. गडकोटांच्या दुरुस्तीत चुन्याच्या जागी सिमेंट पाहून हळहळणाऱ्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

७/
इंजिन त्या मानाने सोपे. १०८९ घनसेंटिमीटर, चार सिलिंडर, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती. १९६४ची ‘डिलाइट’, सत्तरच्या दशकारंभीची ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासूनची ‘पद्मिनी’, नावे बदलत गेली तरी गाभा तोच. चितोडच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या गाडीचा गिअर बराच काळ स्टिअरिंगच्या दांड्यावर होता आणि पुढे सलग बाक. उत्पादन थांबेस्तोवर जगाची मोटार कुठल्या कुठे गेली होती.

८/
गाडी तीच आणि रस्ता, इंधन व कायदा मात्र बदलते, तेव्हा काय होते?

२००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. जुन्या इंजिनात शिसे हे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामधले मऊ अस्तर होते. ते गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजू लागते. उपाय म्हणजे हेड उघडून कठीण धातूची बैठक बसवणे. आता दुसरी फेरी चालू आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले, आणि जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची सीले यांना ते मानवत नाही. रोज चालणाऱ्या जुन्या फियाटमध्ये हे भाग बदलले नाहीत तर ‘मूळ’ नळी एके दिवशी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडू शकते. इथे मूळपणाचा हट्ट धरण्यात काही शहाणपण नाही.

९/
हौशी लोक ज्याला ‘न दिसणारी सुधारणा’ म्हणतात ती याच प्रकारची असते. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे पावसात वायपर आणि दिवे एकदम लावले तरी बॅटरी उतरत नाही. काँटॅक्ट पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, म्हणजे सकाळी गाडी ढकलावी लागत नाही. दिव्यांना रिले, म्हणजे सारा विद्युतप्रवाह जुन्या स्विचमधून जात नाही. रेडियल टायर. सीटबेल्ट. वाहतूक कोंडीसाठी विजेचा पंखा. बॉनेट बंद केले की गाडी १९७४चीच. यातला बहुतेक भाग दोन तासांत काढून जुना परत बसवता येतो, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

१०/
इंजिनच बदलणे ही पुढची पायरी. गंमत म्हणजे तिचा पायंडा कारखान्यानेच पाडला. १९८५ साली प्रीमियरने ‘११८ एनई’ काढली : फियाट १२४चा जुना इटालियन देह आणि त्यात निस्सानचे ११७१ घनसेंटिमीटरचे जपानी इंजिन. तेच इंजिन नंतर कित्येक हौशी मंडळींनी पद्मिनीत उतरवले. शुद्धतावादी नाक मुरडतात. पण ज्या कंपनीने एका जुन्या फियाटमध्ये निस्सान बसवून ती नवी गाडी म्हणून विकली, तिच्या दुसऱ्या फियाटमध्ये निस्सान गेले तर वंशाला बट्टा लागला असे म्हणणे अवघड आहे.

११/
टॅक्सीवाल्यांनी तर याहून मोठा बदल केला, आणि तो न्यायालयाच्या धाकाने. १९९९ साली मुंबईच्या धुराविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, तिच्यातून व्ही. एम. लाल समिती आली, आणि जुन्या टॅक्सींपुढे पर्याय उरला : स्वच्छ इंधन किंवा भंगार. डिकीत सीएनजीची टाकी आली, प्रवाशांच्या बॅगा छपरावरच्या कॅरिअरवर गेल्या. मुंबईकरांच्या मनातले पद्मिनीचे चित्र, छपरावर दोरीने बांधलेल्या सुटकेसांसकट, हे बऱ्याच अंशी या बदललेल्या गाडीचे चित्र आहे. ट्युरिनमधल्या अभियंत्यांनी ती तशी कधीच कल्पिली नव्हती.

१२/
इथे थोडा आडरस्ता, भिवंडीचा.

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव मोटारींच्या इतिहासात येत नाही. ते मागांचे गाव. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी तिथे हातमाग रुजवले, विसाव्या शतकात यंत्रमाग आले. गिरणगावातल्या गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने मागही भिवंडीच्या खोल्यांत येऊन पुन्हा धडधडू लागले. मालकांनी ते जसेच्या तसे जपले नाहीत. मोडला तो भाग घडवून घेतला, मोटर बदलली, धोटा नवा आणला.

आणि पुढे सरकारने याच वृत्तीला अनुदान दिले. १ एप्रिल २०१७ रोजी ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा प्रारंभ भिवंडीतच झाला. तिच्यात साधा माग आहे त्या जागी सुधारण्याची तरतूद होती : बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी यंत्रणा, ताण्याचा धागा तुटला तर तशीच दुसरी. जुना माग टाकू नका, त्याला चार नवे अवयव जोडा आणि रोज चालवा. धोरणाची भाषा इतकी स्वच्छ क्वचितच असते.

१३/
मोटारीच्या बाबतीत तेच शासन उलट बोलते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. गॅसकिटला वाट आहे, इंजिन बदलायलाही अटींसह आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. म्हणजे अल्टरनेटर बदलला तर कायद्याला सोयरसुतक नाही, पण इंजिन क्रमांक बदलला आणि नोंद नसली तर गाडी अडचणीत. सुरक्षिततेच्या दृष्टीने या कलमाला अर्थ आहे. रस्त्यावर कोणी कसलीही गाडी जोडून आणावी, असे कुणालाच वाटणार नाही.

१४/
खरी पंचाईत पुढच्या नियमाने केली. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. वय पन्नास वर्षांहून अधिक, वापर खासगी, आणि गाडी मूळ स्वरूपात. सांगाडा, देह, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. बदल्यात अट अशी की प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल यांखेरीज ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही.

पहिल्या पद्मिनींनी २०२४ साली पन्नाशी गाठली. त्यांच्या मालकांपुढे आता दोन दारे आहेत. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली तर मान मिळतो, पण भाजी आणायला ती नेता येत नाही. साधी गाडी म्हणून ठेवली तर रोज नेता येते, पण दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. २०२२ साली हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,०००. निवृत्त शिक्षकाच्या दारातली फियाट यातल्या कोणत्या दाराने जाईल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

१५/
जागतिक पातळीवर या प्रश्नाचा विचार झालेला आहे, आणि योगायोगाने फियाटच्याच गावाच्या नावाने. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ‘ट्युरिन सनद’ स्वीकारली. वास्तुजतनाच्या १९६४च्या व्हेनिस सनदेचाच हा वारसा. तिचा गाभा असा : जुनी वाहने चालती राहिली पाहिजेत, सुरक्षिततेसाठी केलेले बदल संयत आणि शक्य तो उलटवता येतील असे असावेत, काढलेला मूळ भाग सांभाळावा, आणि गाडीच्या कामकाजी आयुष्यात झालेले फेरफार हेही तिच्या इतिहासाचाच भाग मानावेत.

मराठीत ‘जीर्णोद्धार’ आणि ‘जतन’ हे दोन वेगळे शब्द आहेत ते याचसाठी. ज्या देवळात पूजा चालते त्याचा जीर्णोद्धार होतो : गळते छप्पर बदलते, विजेचा दिवा येतो, देव तोच राहतो. उजाड देवळाचे जतन होते. २०२१च्या नियमाला फक्त दुसरा शब्द माहीत आहे.

१६/
ट्युरिन सनदेचे शेवटचे कलम मान्य केले, तर मुंबईच्या निवृत्त टॅक्सीपुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. अशी गाडी कोणी विकत घेऊन सजवायला काढली, तर सीएनजीची टाकी ठेवायची की काढायची? काळ्यावर पिवळे छप्पर की कारखान्यातून निघाल्यावेळचा एकच रंग? आणि डाव्या अंगाला, पूर्वी झेंडा पाडायचा यांत्रिक मीटर बाहेर लटकत असे, तिथल्या पत्र्यात स्क्रूची भोके राहिलेली असतात. ती मिस्त्री पाच मिनिटांत बुजवू शकतो. तो हातात लांबी घेऊन उभा आहे आणि मालकाकडे पाहतो आहे.