तीन नांवांचें बेट

इ. स. १८३१ च्या जुलै महिन्यांत सिसिलीच्या दक्षिणेस भर समुद्रांतून धुराचे लोट उठले आणि एक नवें बेट वर आलें. इंग्रजांनीं निशाण रोवून त्यास 'ग्रॅहम' म्हटलें. नेपल्सच्या राजानें आपलें नांव देऊन 'फेर्डिनांदेआ' केलें. फ्रेंचांनीं 'ज्यूलिया' म्हणून तिसरें निशाण लाविलें. हा कलह मिटण्यापूर्वींच, डिसेंबरांत, लाटांनीं तें बेट गिळून टाकिलें!

बेटाच्या रसांत कांहीं उणें होतें काय? मुळींच नाहीं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या कुळांतला, त्याच कुळांतला तो रस. परंतु तप्त रस पाण्यास भिडला कीं स्फोट होऊन त्याची राख होते. आणि राखेचा ढीग लाटांपुढें कितीसा टिकणार? १९६३ सालीं आइसलंडजवळ उगवलेलें सर्ट्सीही आरंभीं राखेचेंच होतें. पण पुढें विवरांत पाणी शिरेनासें झालें, १९६४ च्या एप्रिलांत लाव्हारस वाहूं लागला आणि राखेवर पाषाणाचें चिलखत चढलें. म्हणून तें आजही उभें आहे.

राजांनीं बेट कोणाचें हें विचारिलें; फ्रेंच भूशास्त्रज्ञ कोंस्तां प्रेव्हो यानें तेथें जाऊन तें कशाचें आहे हें पाहिलें. या दोन प्रश्नांपैकीं दुसराच आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.