मुल्कोवाल येथील बाटली

परळच्या ज्या जुन्या सरकारी वाड्यांत एके काळीं मुंबईचे गव्हर्नर राहत, तेथील जंतुशास्त्राच्या संस्थेला १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें. ज्या सरकारनें हें नांव दिलें, त्याच सरकारनें त्यापूर्वीं सुमारें बावीस वर्षें याच गृहस्थांस याच संस्थेच्या प्रमुखपदावरून दूर केलें होतें, आणि तेंहि एकोणीस मनुष्यांच्या मृत्यूचा ठपका ठेवून. इमारतीवरील नांव सर्वांच्या डोळ्यांसमोर असतें. ठपक्याची हकीकत जुन्या अहवालांत पडून आहे. ती सांगण्याचें येथें योजिलें आहे. तींत थोडा कायद्याचा प्रश्न आहे, थोडा राजकारणाचाहि आहे. परंतु सर्वांच्या मुळाशीं जो प्रश्न आहे तो जंतुशास्त्राच्या अगदीं पहिल्या पाठांतला आहे. जंतु मारणें आणि जंतूंस वाढूं न देणें, या गोष्टी एक कीं दोन?

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं ओडेसा येथें एका यहुदी कुटुंबांत झाला. मेच्निकॉफ यांच्या हाताखालीं ते प्राणिशास्त्र शिकले. रशियांत यहुद्यांस विद्यापीठांतील जागा मिळणें दुरापास्त, म्हणून ते देश सोडून निघाले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत ग्रंथपालाचे मदतनीस म्हणून राहिले. पुस्तकें लावून उरलेल्या वेळांत त्यांनीं पटकीवर लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्यें ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढील वर्षीं ते हिंदुस्थानांत आले. ते वैद्यकीचे पदवीधर नव्हते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गणवेषधारी डॉक्टर ती कधींच विसरले नाहींत.

२३ सप्टेंबर १८९६ रोजीं मांडवी भागांतील एका रोग्याचा आजार हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग होय, असें निदान डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं केलें. पंधरवड्याच्या आंत हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका खोलींत त्यांनीं काम सुरू केलें. प्लेगचा जंतु येर्सिन यांनीं दोनच वर्षांपूर्वीं हाँगकाँग येथें शोधून काढला होता. तो पसरतो कसा हें मात्र कोणासच ठाऊक नव्हतें. म्हणून सरकारनें आणि म्युनिसिपालिटीनें जें हातीं होतें तें वापरलें, आणि हातीं होतें कार्बोलिक ॲसिड. गटारें धुतलीं, घरें धुतलीं, भिंतींवर चुना चढविला. लिस्टर यांनीं १८६७ सालापासून शस्त्रक्रियेच्या जखमांवर ज्या द्रवाची ख्याति केली, तो द्रव मांडवीच्या गटारांतून वाहूं लागला. उंदीर मात्र गटार धुतलें जातांच शेजारच्या वाड्यांत जाऊन राहिले. उंदराच्या पिसवांकडे सिमाँ यांनीं १८९८ सालीं बोट दाखविलें, परंतु तें मान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. जंतुनाशकाचा गुण खोटा नव्हता. जेथें तें ओतलें जात होतें तेथें जंतु नव्हते, एवढाच काय तो दोष.

हाफकिन यांची रीत अगदीं निराळी होती. हिंदूंस गाईचें व मुसलमानांस डुकराचें मांस निषिद्ध, म्हणून त्यांनीं बकऱ्याच्या मांसाचा रस्सा करून तो मोठ्या चंबूंत भरला. वर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब सोडले आणि त्यांत प्लेगचे जंतु पेरले. तुपाच्या खालच्या अंगास जंतूंचे लोंबते झुबके धरत. चंबू हलविला कीं ते तळाशीं जात आणि वर नवे धरूं लागत. असें सुमारें सहा आठवडे चाले. नंतर तो रस तासभर तापवून जंतु मारीत आणि त्यांत अर्धा टक्का कार्बोलिक घालीत. १० जानेवारी १८९७ रोजीं ही लस त्यांनीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. पुढें लोकांस जी मात्रा दिली तिच्याहून ती बरीच मोठी होती. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला तेव्हां सुमारें निम्म्या कैद्यांनीं लस घेतली. ज्यांस टोंचण्याच्या दिवशींच रोगानें गांठलें होतें ते वगळतां, लस घेतलेल्यांपैकीं दोघांस प्लेग झाला व दोघेहि वांचले. न घेतलेल्यांपैकीं बारा जणांस झाला आणि सहा दगावले.

लस निर्दोष होती असें नव्हे. टोंचल्यावर ताप येई, हात सुजे. संरक्षण मिळे तें अर्धेमुर्धे आणि कांहीं महिन्यांपुरतें. पण तेव्हां दुसरें होतें काय? स्ट्रेप्टोमायसिन निघण्यास अजून सेहेचाळीस वर्षें होतीं. पुण्यांत त्याच वर्षीं मार्चमध्यें रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले प्लेगनें गेल्या, आणि जूनमध्यें रँडवर गोळी झाडली गेली. घरांत शिरून माणसें ओढून नेणारें सरकार आणि दंडांत सुई खुपसणारें सरकार एकच, तेव्हां लोकांनीं सुईवर विश्वास कां ठेवावा? तशाहि स्थितींत लस पसरली, याचें श्रेय हाफकिन यांच्याबरोबरच, स्वतः पुढें होऊन टोंचून घेणाऱ्या आगाखानांसारख्या पुढाऱ्यांकडेहि जातें. ऑगस्ट १८९९ मध्यें प्रयोगशाळा परळच्या वाड्यांत आली.

१९०२ सालीं पंजाब सरकारनें प्रांतभर टोंचणीची मोठी मोहीम आंखली आणि परळकडे लाखांनीं मात्रांची मागणी केली. ती पुरी पाडण्याकरितां हाफकिन यांनीं कृति बदलली आणि कार्बोलिक घालण्याचें सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली. ही लहर नव्हती. पाश्चर संस्थेंत त्यापूर्वीं दोन वर्षें तोच प्रघात होता. परंतु प्लेग कमिशनच्या नजरेखालून गेलेली कृति कार्बोलिकची होती, आणि बदलास वरिष्ठांची रीतसर संमति घेतलेली नव्हती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल या खेड्यांत १०७ मनुष्यांस लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जणांस ५३-एन् या एका बाटलींतील लस मिळाली. सुमारें आठवड्यानें त्या एकोणिसांस धनुर्वाताचीं लक्षणें दिसूं लागलीं आणि एकोणीसहि मेले. इतर बाटल्यांतून टोंचून घेतलेल्या कोणासहि धनुर्वात झाला नाहीं. म्हणजे विष त्या एका बाटलींत होतें यांत वाद नाहीं. वाद एवढाच कीं तें तींत शिरलें कोठें? परळास, कीं मुल्कोवालास?

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे अध्यक्ष होते. बाटली भरल्यास ४१ दिवस झाले होते आणि तींत कार्बोलिक नव्हतें. सबब दोष परळास, बाटली उघडण्यापूर्वींच घडला, असा कमिशनचा निष्कर्ष झाला. हाफकिन कामावरून दूर झाले.

आतां त्या पहिल्या पाठाकडे वळूं. आमच्या स्वयंपाकघरांत हा भेद प्रत्येक गृहिणी जाणते. दूध उकळलें कीं त्यांतले बहुतेक जंतु मरतात; परंतु उकळण्याचा गुण तेवढ्यापुरता. मागाहून त्यांत कांहीं पडलें तर दूध नासणारच. लोणच्याची गोष्ट उलट आहे. मीठ जंतूंस फारसें मारीत नाहीं. तें त्यांस वाढूं देत नाहीं, आणि हा पहारा बरणी सरेपर्यंत चालतो. उष्णता ही उकळण्यासारखी आणि अर्धा टक्का कार्बोलिक हें मिठासारखें. कॉख यांनीं १८८१ सालींच दाखविलें होतें कीं, एक टक्क्याच्या कार्बोलिकांत कित्येक दिवस ठेवूनहि काळपुळीच्या जंतूंचे बीजाणु जिवंत राहतात. धनुर्वाताचा बीजाणु याच कठीण कवचाच्या जातीचा. कितासातो यांनीं १८८९ सालीं तो वेगळा काढला तोच मुळीं असा कीं, मिश्रण ८० अंशांपर्यंत तापवून इतर सारे जंतु मारले व जो उरला तो धनुर्वाताचा. तेव्हां बाटलींत धनुर्वाताचा बीजाणु असता, तर लशीस दिलेल्या बेताच्या उष्णतेनें तो मेला नसता आणि अर्ध्या टक्क्याच्या कार्बोलिकनेंहि मेला नसता. कार्बोलिकनें तो फार तर निजलेला राहिला असता.

येथपर्यंत कमिशनचें म्हणणें बरोबर आहे: पहारा काढून घेतला होता. पण पहारा नसतांना चोर ४१ दिवस घरांत असता तर त्यानें काय केलें असतें, हा प्रश्न पुढें विचारावयास हवा होता. धनुर्वाताचा जंतु रश्शांत वाढला म्हणजे त्यास घाणेरडा वास येतो. बाटली उघडतांना तसा वास नव्हता, अशी टोंचणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होती. दुसरें असें कीं, इतके दिवस वाढलेल्या रसांत विष तयार होऊनच बसलेलें असतें. तें टोंचलें तर लक्षणें लवकर दिसावयास हवीं. मुल्कोवालास आठवडा लागला. बीजाणु शरीरांत जाऊन, तेथें उगवून, मग विष करूं लागतो तेव्हां जेवढा अवधि लागावा तेवढा तो आहे.

वासाविषयींची साक्ष डॉक्टरांच्या सोयीची होती, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. वास येत असूनहि टोंचलें असें कोण सांगेल? म्हणून वासापेक्षां दिवसांच्या हिशेबास आम्ही अधिक महत्त्व देतों. त्या दिवसांबाबत कोणास खोटें बोलण्याचें कारण नव्हतें. शिवाय एक गोष्ट साक्षींतच होती. बाटली उघडण्याच्या वेळीं मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्यानें तो कार्बोलिकच्या पाण्यांत जरा हलविला आणि पुन्हां वापरला. खेड्यांतील जमीन, तीहि गुराढोरांच्या वावराची, हें धनुर्वाताच्या बीजाणूंचें माहेरच होय. त्यांवर क्षणभराच्या कार्बोलिकचा कांहींएक परिणाम होत नाहीं. ज्योतींत धरला असता तर भागलें असतें.

दैव पहा! परळास कार्बोलिक घातलें नाहीं म्हणून हाफकिन दोषी ठरले, आणि मुल्कोवालास कार्बोलिकांत बुडविला म्हणून चिमटा शुद्ध मानला गेला. दोन्ही ठिकाणीं कार्बोलिकवरची श्रद्धा एकच. आणि दोष मुल्कोवालास घडला असेल तर बाटलींत अर्धा टक्का कार्बोलिक असतें तरी ते एकोणीस जण वांचले नसते; कारण बीजाणु बाटलींत शिरून कांहीं वेळांतच सुईवाटे शरीरांत गेला.

कमिशनचे सभासद अप्रामाणिक होते असें आम्हांस वाटत नाहीं. न्यायाधीशाच्या दृष्टीस नियमभंग आधीं दिसतो, आणि येथें नियमभंग खरोखरच झाला होता. परंतु नियमभंग झाला म्हणून मृत्यू त्यामुळेंच झाले, हें अनुमान कोणत्याहि न्यायालयांत टिकूं नये. हाफकिन हे परदेशी, यहुदी, आणि डॉक्टर नसून डॉक्टरांवर अधिकार चालविणारे, याचा निकालावर किती परिणाम झाला याचें मोजमाप कोण करणार? पण फ्रान्सांतील ड्रायफस प्रकरण त्या वेळीं ताजें होतें आणि पुष्कळांस त्याची आठवण झाली.

हाफकिन १९०४ सालीं लंडनास गेले आणि वर्षानुवर्षें दाद मागत राहिले. चौकशीचे कागद सरकारनें १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध केले. मग सर्वांस ते वाचतां आले, आणि पारडें फिरलें. सिकंदराबादेस हिंवतापाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनीं लेखणी उचलली. २९ जुलै १९०७ च्या लंडन टाइम्समध्यें त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र आलें: आरोप सिद्ध झालेला नाहीं, इतकेंच नव्हे, तर पुरावा त्याच्या उलट आहे. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारनें त्यांस पुन्हां नोकरी देऊं केली. परंतु ती परळास नव्हे; कलकत्त्यास, आणि अशा प्रयोगशाळेंत कीं जेथें लस बनविण्याची सोयच नव्हती. तेथें कांहीं वर्षें काढून १९१४ च्या सुमारास ते निवृत्त झाले.

या सगळ्या वादांत मुल्कोवालचे एकोणीस जण मागें पडले, हें आम्हांस खटकतें. टाइम्समधील पत्रें वाचतांना असें वाटूं लागतें कीं मुल्कोवालास एका शास्त्रज्ञाची अब्रू मेली. ते लोक सरकारच्या सांगण्यावरून, प्लेगपासून वांचावें म्हणून दंड पुढें करून उभे होते. पंजाबांतील मोहीम त्यानंतर ढासळली, आणि पुढील वर्षांत त्या प्रांतांत प्लेगनें जीं माणसें गेलीं त्यांच्यापुढें एकोणीस हा आंकडा लहान वाटावा इतकीं तीं होतीं. त्यांपैकीं किती जणांनीं मुल्कोवालची बातमी ऐकून सुई नाकारली असेल!

१८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारें २ कोटि ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. हाफकिन २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें वारले. परळच्या लशींत पुढें पुन्हां अर्धा टक्का कार्बोलिक घालूं लागले, आणि तें योग्यच झालें; बाटली एकदां उघडल्यावर ती सरेपर्यंत कोणाचा हात कोठें लागेल याचा नेम नसतो.